इमाम आर्चबिशपच्या घरी राहायला गेले तेव्हा

"धर्म काढून टाका, दंगली आपोआप थांबतील" ही पोस्ट परवा पुन्हा फिरत आली. दरवेळी सोडून देतो, आज लिहितोच.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. मार्च २०१३ मध्ये सेलेका या बहुतांशी मुस्लिम बंडखोरांनी राजधानी बांगी ताब्यात घेतली आणि लुटालूट, खूनखराबा केला. डिसेंबरमध्ये अँटी-बलाका या बहुतांशी ख्रिस्ती टोळ्या सूड उगवायला उतरल्या. सेलेकाशी काडीचा संबंध नसलेले साधे मुसलमान मारले गेले. सरकार फक्त नावाला उरलं होतं.

त्याच डिसेंबरात इमाम ओमर कोबिन लायामा जीव वाचवायला कॅथलिक आर्चबिशप दिएदोने न्झापालाइंगा यांच्या घरी राहायला गेले. काही महिने तिथेच होते. पाद्री निकोलस गेरेकोयामे यांना सोबत घेऊन या दोघांनी समेटाचं काम चालवलं.

एकत्र फोटोंचं मला कौतुक नाही. ते आपल्याकडेही निघतात. सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते, चहा-बिस्किटं होतात, मंडळी घरी जातात. या तिघांनी मात्र आपापल्या माणसांना सुनावलं. अँटी-बलाकांना ख्रिस्ती म्हणू नका, असं आर्चबिशप जाहीरपणे सांगत राहिले. सेलेकाच्या अत्याचारांवर इमाम बोलले. समोरच्या धर्मातल्या गुंडांना शिव्या घालणं सोपं असतं हो, आपल्या गल्लीतल्याला बोलून बघा!

त्याच देशातल्या बोसेंप्तेले गावाचं उदाहरण तर ऐकाच. तिथल्या मिशन हॉस्पिटलमध्ये फादर बर्नार्ड किन्वी हे टोगोहून आलेले, रुग्णसेवेला वाहिलेल्या कामिलियन या कॅथलिक संघाचे तरुण धर्मगुरू होते. काळा झगा, छातीवर मोठा लाल क्रूस. आधी त्यांनी सेलेकाच्या जखमींवर उपचार केले. जानेवारी २०१४ मध्ये अँटी-बलाकांनी गावात कत्तल केली, तेव्हा शेकडो मुसलमानांना त्यांनी मिशनच्या आवारात घेतलं. घराघरांत लपलेल्यांना शोधून आणलं, मृतांना मूठमाती दिली. बंदूकवाले दारात येऊन धमकावत होते, तरी कुणाला त्यांच्या हवाली केलं नाही. पुढे शांतिसेनेच्या ट्रकांतून बरेचजण कॅमेरूनकडे गेले. पण ट्रकवर चढायला झुंबड उडाली आणि ज्यांना चालताच येत नव्हतं ती माणसं मागे राहिली. त्यांचं करणार कोण? तेच मिशन.

म्हणून मदत देणाऱ्या मोठ्या संस्थांनी अशा ठिकाणांकडे 'धार्मिक' म्हणून नाक मुरडू नये, असं माझं मत आहे. हिशेब कडक मागा, धर्मांतराची अट दिसली तर पैसे थांबवा. पण त्या गावात दवाखाना, विहीर आणि भरवशाचा माणूस एकाच आवारात असेल, तर धान्याची पोती तिथेच उतरवायला हवीत.

यामुळे युद्ध थांबलं का? नाही. २०१९ मध्ये सरकार आणि १४ सशस्त्र गटांत करार झाला, तोही टिकला नाही. हे युद्ध धर्माचं नाही, असं ते तिघे सुरुवातीपासून सांगत होते. डिसेंबर २०२० मध्ये सेलेकातून फुटलेले काही गट आणि अँटी-बलाकांचे काही गट चक्क एकाच आघाडीत येऊन सरकारविरुद्ध लढायला निघाले. आता ही आघाडी कुठल्या धर्माच्या खात्यात घालायची, ते त्या पोस्टवाल्यांनीच सांगावं.