जिभेवरचे उपयोगी जिवाणू

जंतुनाशक माउथवॉशने तोंडातले उपयोगी जिवाणूही मरतात, हा एका लेखात वाचलेला मुद्दा मला फार मोलाचा वाटला. खानापुरात माझ्या आईला दात काढल्यावर ७ दिवसांसाठी दिलेले क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक माउथवॉश ती पुढे ४ महिने रोज वापरत राहिली आणि जिभेवर तपकिरी थर दिसू लागला, तेव्हा कुठे ते आमच्या ध्यानात आले. पालक, मेथी, बीट यांतील नायट्रेटचे नायट्राइट जिभेवरचे जिवाणूच करतात आणि त्यापासून पुढे रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड बनते. पोर्तो रिकोतील वजन जास्त असलेल्या प्रौढांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून दोनदा किंवा अधिक वेळा माउथवॉश वापरणाऱ्यांत मधुमेह वा त्याची पूर्वावस्था उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ५५ टक्के अधिक आढळले. अर्थात, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. बेळगावच्या दंतवैद्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ‘किती दिवस’ हे चिठ्ठीवर मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक लिहावे.