‘हा आजार नव्हे, स्वभाव आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जीसिक्सपीडी या विकराच्या (एन्झाइमच्या) आनुवंशिक कमतरतेविषयी, म्हणजे जिच्यामुळे काही औषधांनी किंवा पदार्थांनी तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात तिच्याविषयी, मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ही कमतरता असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, जपायच्या औषधांची मी दिलेली यादी फुगवलेली आहे, आपला पुतण्या ही कमतरता असूनही सर्व काही खातो आणि ठणठणीत आहे, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण लिहिले आहे : ‘बाकला टाळला की झाले, बाकी सारे म्हणजे आजार नव्हे, आपला स्वभाव आहे.’ (बाकला म्हणजे फावा बीन, एक शेंगवर्गीय कडधान्य.) पहिल्या तीन मुद्द्यांवर शांतपणे बोलता आले असते, पण या एका वाक्याने आपण ती सोय ठेवलेली नाही.

यादीबद्दलचे आपले म्हणणे काही अंशी मान्य करतो. २०१० साली उपलब्ध पुराव्यांची जी छाननी प्रसिद्ध झाली, तीत या कमतरतेत अपायकारक असल्याचा ठोस पुरावा असलेली औषधे अवघी सात निघाली, आणि त्यांत पॅरासिटामॉल किंवा क जीवनसत्त्व नव्हते. ही दोन नावे मी ‘वैद्यकीय सल्ल्याने’ या मथळ्याखाली दिली होती, ‘वर्ज्य’ या मथळ्याखाली नव्हे. तरीही दोन्ही याद्या लागोपाठ आल्यामुळे घाईने वाचणाऱ्याची गल्लत होऊ शकते. आपण घाईने वाचलेत असे मी म्हणत नाही.

आता स्वभावाविषयी. तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसतात, त्यामुळे ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी लागणारे एनएडीपीएच हे द्रव्य तिला जवळजवळ सर्वस्वी या एका विकराच्या वाटेनेच मिळते. ते अपुरे पडले की ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याचा साठा पुन्हा भरून निघत नाही, हिमोग्लोबिन बिघडते आणि पेशी फुटते. बाकल्यातील व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन यांपासून बनणारी द्रव्ये हा मारा करतात हे खरेच. पण डॅप्सोन, प्रायमाक्विन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन, रासबुरिकेज आणि मिथिलीन ब्लू हीही तेच करतात, आणि मारा ताटातून आला की औषधाच्या पाकिटातून, याची विचारपूस रक्तपेशी करीत नाही. किंबहुना या कमतरतेचा छडा लागला तोच मुळी औषधामुळे : हिवतापावरचे प्रायमाक्विन घेतलेल्या काही जणांच्याच रक्तपेशी का फुटतात, हे शोधताना १९५६ साली ती उघडकीस आली. ‘बाकला टाळला की झाले’ असे म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी वाचलेले असावे, ही माझी अपेक्षा फार मोठी नाही.

आणि मी तर बाकला कधी खाल्लेलाच नव्हता. त्वचेच्या एका विकारावर मला डॅप्सोन देण्यात आले. ते सुरू करण्यापूर्वी या विकराची चाचणी करण्याची पद्धत आहे, परंतु ती माझ्या बाबतीत पाळली गेली नाही. काही दिवसांतच लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे पडले, जिना चढताना धाप लागू लागली, आणि शेवटी रक्त चढवावे लागले. तेव्हा चाचणी केली गेली आणि ती चक्क ‘सामान्य’ आली! रक्तविलयनाच्या, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याच्या, झटक्यात कमी विकराच्या म्हाताऱ्या पेशी आधी फुटून जातात, मागे उरलेल्या आणि मज्जेतून नव्याने आलेल्या कोवळ्या पेशींत विकर तुलनेने अधिक असते, म्हणून अशा वेळी केलेली चाचणी फसवी ठरू शकते, हे मला तोवर कोणी सांगितलेले नव्हते. काही महिन्यांनी ती पुन्हा केली तेव्हा कमतरता स्पष्ट दिसली. मधल्या काळात मी घाबरट आहे, मनाला लावून घेतो, असे सांगणारे बरेच भेटले. आपण त्या रांगेत थोडे उशिरा आला आहात, एवढेच.

तेव्हापासून मी प्रत्येक औषधाच्या पाकिटावरील घटक वाचतो, दवाखान्यात पाऊल ठेवताच आधी ही कमतरता सांगतो, आणि कपड्यांत नॅफ्थलीनच्या डांबर गोळ्या ठेवू देत नाही. याला आपण स्वभाव म्हणता. माझ्या बहिणीला बाळ होणार होते तेव्हा याच स्वभावापायी मी आधीच डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट घातली, कारण दोष एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आईकडून मला आला तसा तो बहिणीकडून तिच्या मुलाकडे जाऊ शकत होता. भाच्याची कावीळ झपाट्याने वाढली. तिच्यावर आधीपासून लक्ष असल्यामुळे त्याला वेळेवर प्रकाशोपचार मिळाले. नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) हाताबाहेर गेले तर मेंदूला कायमची इजा होते. यापुढे ‘स्वभाव’ या शब्दाबद्दल मला आपल्याशी वाद घालायचा नाही.

‘बहुतेकांना काही होत नाही’ हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता असल्याचा अंदाज आहे. त्यांतले सारे अंथरुणाला खिळले आहेत असे मी कुठेही लिहिलेले नाही. जंतुसंसर्गानेही झटका येतो आणि तो कोणत्याही यादीने टळत नाही, हेही मीच लिहिले होते. आपल्याला ते खोडायला सोपे गेले असते, पण आपल्या नजरेतून सुटलेले दिसते.

राहता राहिला आपला पुतण्या. तो ठणठणीत आहे याचा मला आनंदच आहे. परंतु या कमतरतेचे शेकडो उपप्रकार आहेत, काहींत विकराची क्रियाशीलता दहा टक्क्यांहूनही कमी असते तर काहींत बरीच शिल्लक असते, आणि तोच माणूस एकदा बाकला पचवतो व पुढच्या वेळी आजारी पडतो असेही घडते. त्याच्या चाचणीत क्रियाशीलता किती आली, ती चाचणी झटक्याच्या काळात तर झाली नव्हती ना, आणि त्याच्या वैद्यकीय कागदपत्रांवर या कमतरतेची नोंद आहे का, हे आपण लिहिलेले नाही. ती नोंद नसेल तर मला प्रत्युत्तर देण्यापूर्वी ती करून घ्यावी; उद्या त्याला हिवताप झाला आणि प्रायमाक्विन लिहून दिले गेले, तर समोरच्या डॉक्टरांना त्याचा कागदच उपयोगी पडेल, आपली प्रतिक्रिया नव्हे.