उभे राहण्याचा गुन्हा

व्हीलचेअरवर बसायचे तर प्रथम आजारी दिसावे लागते, आणि माझा चेहरा या बाबतीत मुळीच सहकार्य करीत नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावरच तुटून पडते, आणि वेष्टन सोललेल्या तारेतून वीज जावी तसे मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. मात्र ही सारी पडझड आतल्या आत चालते आणि बाहेरून मी नुकतीच पोटभर जेवून उठलेली सुदृढ बाई दिसते. अंग तापले की लक्षणे बळावतात. या प्रकाराला ऊटहोफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याचे नाव आहे. त्या सद्गृहस्थाने आमच्या गोव्यात, फोंड्यातील मे महिना सोसला असता, तर शोध आणखी लवकर लागला असता.

घरात मी चार पावले विनासायास टाकते. पण भाच्यांच्या हट्टापायी थीम पार्क गाठायचे, म्हणजे उन्हात रांगेत उभे राहणे आले, आणि ते मला जमत नाही. म्हणून व्हीलचेअर. तीत बसण्याचे कोणाला काही वाटत नाही. उठले की अनर्थ होतो. एकदा यजमानांनी खुर्ची ढकलत पाळण्यापर्यंत आणली, मी ओढणी सावरून उठले, दोन पायऱ्या चढले, तोच मागून "अगे, उबी रावली गो!" असा उद्गार आला. एका आजींनी हात जोडले आणि देवाचा कौल घेण्यासाठी प्रसाद मंगेशीला लावला होता की शांतादुर्गेला, याची आस्थेने चौकशी केली. उरलेल्या रांगेची श्रद्धा इतकी गाढ नव्हती. तेव्हापासून उठताना मी थोडी कण्हते आणि लंगडते. फक्त कोणत्या पायाने लंगडायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते, नाहीतर चाणाक्ष प्रेक्षक पाय बदलल्याचे लगेच ओळखतात.

कायदा माझ्या बाजूने आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत माझ्या आजाराचे नावही आहे. पण फाटकावरचा रखवालदार माझे अपंगत्वाचे कार्ड पाहतो, मग चेहरा पाहतो, मग पाय पाहतो, आणि छायाचित्रात पाय नसल्यामुळे त्याची पंचाईत होते. इंग्लंडमधील गॅटविक विमानतळाने 2016 मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांचा हिरवा पट्टा काढला. तो मी इथे गळ्यात घातला, तर लोक कोणत्या पक्षाचा मेळावा आहे ते विचारतील.

संशय घेणाऱ्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कमध्ये काही धनिक कुटुंबे रांग टाळण्यासाठी अपंग वाटाड्यांना पैसे देऊन सोबत नेतात, अशी बातमी 2013 मध्ये गाजली होती आणि त्याच वर्षी तिथले नियम बदलले.

त्या दिवशी पाळण्यावरून उतरले, तेव्हा मघाशी सर्वांत मोठ्याने कुजबुजणाऱ्या बाई माझ्या खुर्चीपाशीच थांबल्या होत्या. ही खुर्ची भाड्याने कुठे मिळते, दर काय, आणि ढकलणारा माणूस त्यातच येतो की त्याचे वेगळे द्यावे लागतात, असे त्यांनी विचारले. मी उत्तर देण्याआधीच घामाघूम झालेल्या यजमानांनी पुढे होऊन म्हटले, "वेगळे द्यावे लागतात."