‘उपग्रहातून हिरवं दिसतंय, आणखी काय पुरावा हवा?’

कोळसा काढून झालेल्या जमिनीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेली पोस्ट अधूनमधून फिरत असते. डावीकडे काळा खड्डा, उजवीकडे गर्द हिरवा उतार. खाली मजकूर साधारण असा: उपग्रहाने हिरवळ टिपली आहे, लावलेली बहुतेक रोपं जगली आहेत, मातीतला कर्बही (कार्बन) वाढलाय, म्हणजे खाण निसर्गाला परत केली. फोटो खरे असतीलही. पण त्यांतून हा निष्कर्ष निघत नाही.

आधी उपग्रहाचं. पानं लाल प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश परत फेकतात. या फरकावरून ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक काढतात. त्यातून हिरवं किती आहे ते कळतं, काय आहे ते कळत नाही. घाणेरीचं उपरं झुडूप माजलेला उतार आणि मिश्र रान यांचे आकडे जवळपास सारखे येऊ शकतात. शिवाय पानांचं छत दाट झालं की निर्देशांक फारसा वाढत नाही. आणि ‘आधी’चा फोटो उन्हाळ्यातला, ‘नंतर’चा पावसाळा सरतानाचा असेल, तर निम्मी जादू ऋतूचीच. याचा अर्थ उपग्रह निरुपयोगी असा नाही. भारतात सीएमपीडीआय ही कोल इंडियाचीच नियोजन-संशोधन कंपनी कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींवर अशीच नजर ठेवते. किती क्षेत्र भरून घेतलं, कितीवर लागवड झाली, किती अजून उघडं आहे, हे त्यातून चांगलं समजतं. पण तो क्षेत्रफळाचा हिशेब झाला.

‘बहुतेक रोपं जगली.’ कधी मोजली? टँकरचं पाणी आणि खत चालू असताना, मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरत असताना काढलेला आकडा देखभालीचं कौतुक करतो, जमिनीचं नाही. उघड्या कोळसा खाणींसाठीच्या अमेरिकेच्या 1977 च्या कायद्याने इथे शहाणपणा दाखवलाय. शेवटची जादा पेरणी, खत किंवा सिंचन संपल्यावरच खाणचालकाच्या जबाबदारीचं घड्याळ सुरू होतं. पुढे पूर्ण 5 वर्षं. वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तर 10. झाडांची मोजणी असेल तर त्यांतली किमान 80 टक्के झाडं या मुदतीचा 60 टक्के काळ जागेवर उभी असावी लागतात. तपासणीच्या तोंडावर रोपं खोचून आकडा फुगवायची सोय नाही.

तरीही हाच कायदा पाळून फसगत झाली, आणि मला सगळ्यांत बोलकं उदाहरण तेच वाटतं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया या डोंगराळ भागात उतार स्थिर राहावा म्हणून भराव डोझरने चोपून घट्ट केला गेला आणि जमीन झाकली जाण्याची कायद्यातली अट लवकर पुरी व्हावी म्हणून वर टॉल फेस्क्यूसारखं जोमदार गवत पेरलं गेलं. जमीन हिरवीगार झाली, तपासणीत पासही झाली. पण घट्ट भरावात मुळं शिरेनात, गवताने पाणी आणि उजेड खाल्ला, आणि पूर्वी जिथे रुंद पानांचं जंगल होतं तिथे वर्षानुवर्षं गवतच राहिलं. शेवटी तिथल्या वनतज्ज्ञांनी उलटा सल्ला दिला: वरचा किमान 4 फुटांचा थर भुसभुशीत ठेवा, गवत विरळ आणि बुटकं पेरा. म्हणजे पहिली काही वर्षं फोटो वाईट येऊ द्या.

कर्बाचा दावा तर सरळ फसवा ठरू शकतो. खाणीच्या ढिगाऱ्यात कोळशाची भुकटी असते. नमुना जाळून कर्ब मोजला तर ती सगळी जमेस धरली जाते, डायक्रोमेट या रसायनाच्या नेहमीच्या माती-चाचणीतही तिचा काही भाग येतोच. त्यामुळे एकही झाड नसलेला ढीगसुद्धा कागदावर कसदार दिसू शकतो. कार्बन-14 हा काळानुसार संपत जाणारा किरणोत्सारी कार्बन जुन्या कोळशात उरलेला नसतो, त्यामुळे जुना कर्ब वेगळा काढता येतो. ते परवडत नसेल तर त्याच ढिगाचा लागवड न केलेला भाग तरी तुलनेला घ्यावा. आणि खाली पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाण्याशी गाठ पडून आम्ल तयार होतं, सामू (पीएच) घसरतो. पृष्ठभागाचा सामू चांगला आला म्हणून मुळांना भेटणारा थर चांगला असतोच असं नाही.

‘मग काय, लागवड करूच नये?’ हा पुढचा ठरलेला टोमणा. धूळ आणि धूप थांबवायला आच्छादन हवंच. पण लागवड म्हणजेच यश, हेही खरं नाही. झेकियात सोकोलोव्हजवळच्या लिग्नाइट खाणींच्या ढिगांचे काही भाग सपाट न करता, काही न लावता सोडले होते. तिथे बर्च, विलो, ॲस्पेन आपोआप आले. आम्ल किंवा विषारी भरावावर हे जमणार नाही, पण जिथे जमतं तिथे न लावलेलं उगवणं हीच मोठी खूण असते.

म्हणून अशी पोस्ट आली की मी विचारतो: तुलनेला जवळची न खणलेली जमीन कोणती धरली? पाणी कधी बंद केलं? लावलेल्या झाडांखाली त्यांच्याच बियांची, आणि कुणीही न लावलेल्या जातींची, किती रोपं दिसतात? ही मोजणी करायला उपग्रह लागत नाही. दोरी, खुंट्या आणि चौकोनात वाकून बसणारी माणसं लागतात.