मातृभाषेतून शिक्षण, पण नेमके कोणाच्या मातृभाषेतून?

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, तेव्हा सहा वर्षांच्या मुलावर घरात न बोलली जाणारी भाषा लादू नका, असे आपण ठामपणे सांगितले. तो विरोध योग्यच होता आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली याचे मला आजही समाधान आहे. मात्र हाच युक्तिवाद आपण मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातील कोरकू आदिवासी मुलापर्यंत नेणार आहोत का?

कोरकू ही मुंडा कुळातील, तर गडचिरोलीतल्या भामरागडची माडिया द्राविडी कुळातील भाषा. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. तरीही या मुलांच्या हाती पहिल्याच वर्षी प्रमाण मराठीतील पुस्तक पडते. मूल अक्षरे जुळवून वाचू लागते, पण वाचलेल्याचा अर्थ त्याला लागत नाही. बाजारात हिशेब चोख करणारी मुलगी शाब्दिक उदाहरणापाशी अडते आणि तिच्यावर 'कच्ची' असा शिक्का बसतो. हा अन्याय मराठीच्या नावाने होतो, म्हणून तो मला अधिक बोचतो.

कायद्याची उणीव नाही. घटनेचा अनुच्छेद ३५०क, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हे तिन्ही मातृभाषेच्या बाजूचे आहेत; फक्त कायद्यात आणि धोरणात 'शक्यतो'ची पळवाट आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली, तर मान्यता नाही म्हणून तीच अनधिकृत ठरली. याउलट ओडिशाने २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांमधून प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. म्हणजे हे अशक्य नाही.

आदिवासी मुलांना मराठी नको, असे मी म्हणत नाही. त्यांना मराठी उत्तम यायला हवी आणि इंग्रजीही. पण घरच्या भाषेत वाचन-लेखनाचा पाया पक्का झाल्यावर, टप्प्याटप्प्याने. त्यासाठी पहिली-दुसरीची द्विभाषिक पुस्तके हवीत आणि त्याहून आधी मुलांची भाषा बोलणारा शिक्षक हवा. मेळघाटात डी.एड. झालेले कोरकू तरुण-तरुणी आहेत. तिथल्या पहिली-दुसरीच्या वर्गांवर नेमणुका करताना त्यांना प्राधान्य द्या, ही मागणी २०२५ मध्ये हिंदीसक्तीविरुद्ध आवाज उठवलेल्या प्रत्येक मराठी माणसाने आता तितक्याच जोराने करावी.