ताट वेगळं केल्याने टीबी थांबत नाही

लालबागच्या चाळीत माझी आत्या राहते. तिच्या सुनेला फुप्फुसाचा टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. त्यात लिहिलं होतं: रुग्णाचं ताट-वाटी वेगळी करा, जमलं तर त्याला गावी पाठवा. खोलीत वारा येऊ देऊ नका. गोळ्यांनी लघवी लाल झाली की किडनी गेली समजा. बरं वाटलं की गोळ्या थांबवून लसूण घातलेलं दूध प्या.

मी शनिवारी गेलो तेव्हा मोरीजवळ एक ताट, एक वाटी, एक तांब्या वेगळा मांडला होता. गॅलरीकडची खिडकी बंद होती. सून कणकवलीला जायची पिशवी भरत होती आणि चार दिवस तिने गोळ्या घेतल्या नव्हत्या.

टीबी ताटातून पसरत नाही. रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा उडणारे बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा गिनिपिगच्या पिंजऱ्यांकडे वळवली. रुग्णांमध्ये आणि त्या प्राण्यांमध्ये हवेशिवाय काहीही सामाईक नव्हतं, तरी प्राण्यांना टीबी झाला. म्हणजे आत्याने घासून वेगळं ठेवलेल्या ताटाचा काही उपयोग नव्हता, आणि बंद केलेली खिडकी मात्र घरातल्या सगळ्यांना घातक होती. वाऱ्याने टीबी वाढतो हे कोणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

आता गावी पाठवण्याचं. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात साठहून जास्त वर्षांपूर्वी मिळालंय. १९५६ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांसाठीच्या रुग्णालयात ठेवला: विश्रांती, चांगलं जेवण, परिचारिका. दुसरा गट आपापल्या घरी, गरीब वस्तीतल्या दाटीच्या खोल्यांत. औषधं दोघांना तीच. वर्षभराने सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरी राहिलेल्या ८६ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता, म्हणजे फार फरक नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पुढे पाच वर्षं घरच्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा रुग्ण घरात राहिला म्हणून घरच्यांना जास्त टीबी झाला नाही. घरच्यांना लागण व्हायची ती बहुतेक निदान होण्याआधीच होऊन गेलेली असते. योग्य औषधं सुरू झाली की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने कमी होतो. जगभर टीबीचे रुग्ण घरी राहून बरे होऊ लागले, त्यामागे हा अभ्यास आहे. आणि आमची सून, सहा वर्षांच्या लेकीला इथे ठेवून, आपण घराला विटाळलं अशा चेहऱ्याने एसटीत बसणार होती.

लाल लघवीचं एवढंच: टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, त्याचा रंगच तो. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं. किडनीशी त्याचा संबंध नाही. पण हे गोळी देतानाच कोणीतरी नीट सांगायला हवं होतं.

या औषधांनी यकृताला किंवा डोळ्यांना त्रास होऊ शकतो, हे मात्र मला मान्य करावंच लागेल. डोळे पिवळे पडले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासनाच गेली, किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. लघवीच्या रंगावरून आपणच गोळ्या बंद करायच्या नाहीत. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, पण जंतू उरलेले असतात. साध्या टीबीला सहा महिने लागतात. मध्येच सोडलं तर औषधांना न जुमानणारा टीबी पदरात पडू शकतो, आणि मुंबईत तो आधीच कमी नाही.

लसूण-दुधाबद्दल भांडत नाही. आहार महत्त्वाचा आहेच. झारखंडमधल्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ वगैरे शिधा दिला, तर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. पण त्या रुग्णांच्या गोळ्या चालूच होत्या. सरकार टीबीच्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये देतं, ते खात्यात आले का एवढं पाहा.

पिशवी रिकामी झाली. रविवारी आत्याने खिडकी उघडली आणि ताट पुन्हा मांडणीवर गेलं. चुकलेल्या चार दिवसांचं टीबी केंद्रात सांगून झालं. सोमवारी मुलीची आणि आत्याची तपासणी आहे. लागण नुसती दडून असेल तर त्यासाठीही औषध मिळतं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.