जग संपलं, आता दोन मुलगे घ्या

प्रलयानंतरच्या जगातली, एक नायिका आणि दोन मुलगे असलेली किशोरवयीनांसाठीची कादंबरी लिहायची आहे? मग जग कसं संपलं यात फार गुंतू नका. दुष्काळ, वादळं, आगी, जमीन गिळणारा समुद्र, हे सगळं ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत (२००८) महापौरांच्या भाषणात एका दमात येतं आणि अख्खी उत्तर अमेरिका निकालात निघते. तुम्हीही तेवढ्यातच उरका. प्रलय नेमका किती मोठा होता याच्याशी वाचकाला काही देणंघेणं नाही. दुसऱ्या मुलाचे डोळे कोणत्या रंगाचे, ते मात्र त्याला दहाव्या पानाच्या आत कळायला हवं.

दुसरा हवाच. एकाच मुलावर तीन भाग निघत नाहीत. दीडशे पानांत दोघं हातात हात घालून बसतात आणि मग क्रांती लेखकालाच करावी लागते.

नायिका १६ किंवा १७ वर्षांची घ्या. ती सुंदर असावी, पण ते तिला सोडून सगळ्यांना ठाऊक असावं. सगळं तिच्याच तोंडून आणि वर्तमानकाळात सांगा: मी धावते, मी थांबते, माझा श्वास अडकतो. यामागे धंद्याचं साधं गणित आहे. भूतकाळात सांगितलं तर सांगणारीला शेवटी कोण मिळाला हे आधीच माहीत असतं, आणि ते सहाशे पानं दडवून ठेवणं ही वाचकाची उघड फसवणूक ठरते. वर्तमानकाळात तिलाच काही कळत नसतं, त्यामुळे तुमच्यावर आळ येत नाही. तोटा एवढाच की दोन्ही मुलं फक्त बाहेरून दिसतात. म्हणजे जबडा, खांदे, कपाळावर आलेली बट. त्यावरही तोड आहे. मुलाच्या बाजूची छोटी कादंबरी वेगळी काढून विका. ‘शॅटर मी’ मालिकेत वॉर्नरची २०१२ मध्ये निघाली आणि ॲडमची २०१३ मध्ये.

आता मुलगे. पहिला लहानपणापासूनचा सोबती. शिकार येते, राजवटीवर राग आहे, बोलतो कमी. दुसरा नवखा, जरा मऊ, शक्यतो खाऊनपिऊन सुखी घरातला. थेट हुकूमशहाचा मुलगा मिळाला तर सोन्याहून पिवळं. दोघांना एकेक राजकीय मतही देऊन टाका. एकाला बंड हवं, दुसऱ्याला शांतता. म्हणजे नायिकेला स्वतःचं मत ठेवायची कटकट उरत नाही. तिचं मत काय, तर शेवटी ती कुणाचा हात धरते ते.

दुसऱ्याच्या बाबतीत बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. पहिल्याकडे दहा वर्षांची ओळख असते आणि दुसऱ्याला नुसती ‘खोल नजर’ देऊन मैदानात सोडलं जातं. असा मुलगा पन्नास पानंही टिकत नाही. ‘हंगर गेम्स’मधल्या पीटाकडे बघा. (तिथे राजवट सोडतीनं निवडलेल्या मुलांना कॅमेऱ्यांसमोर मरेपर्यंत लढवते.) नायिका कॅटनिस ११ वर्षांची, घरात चूल पेटलेली नाही, बाहेर पाऊस. बेकरीवाल्याचा हा मुलगा मुद्दाम दोन पाव जाळतो, त्यासाठी आईचा मार खातो आणि ते पाव तिच्या दिशेने फेकतो. एक शब्द बोलत नाही. या दोन जळक्या पावांवर तीन पुस्तकं उभी राहिली, कारण त्या मेहेरबानीची किंमत त्याच्या गालावर उमटली होती आणि ती भूक त्याच जगातली होती. पलीकडे गेल, तिचा शिकारीतला जुना सोबती. घरच्यांना जास्तीचं धान्य मिळावं म्हणून त्यानं सोडतीच्या भांड्यात आपल्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवत नेल्या. १८ व्या वर्षी त्या ४२ झाल्या. इथे प्रेम रेशनिंगमधून आलेलं आहे. एवढे कष्ट तुम्ही घेणार नाही, हे गृहीत धरून पुढे सरकू.

प्रलयात काय बुडालं आणि काय वाचलं याची यादी मात्र आधी करून ठेवा. बुडालेलं: आईवडील, शाळा, परीक्षा, इंटरनेट. वाचलेलं: लेदरचं जाकीट, मस्कारा आणि दाढीचं सामान. तिघं चार दिवस ओसाड रानातून पळत असतील तर माणशी रोजचं तीन लिटर पाणी धरून ३६ लिटर होतं, म्हणजे ३६ किलोचं ओझं. ते कोण उचलतंय हे अजिबात दाखवू नका. ओझं उचललेल्या माणसाला वळून बघता येत नाही. पेट्रोल काही महिन्यांत खराब व्हायला लागतं, तरी सत्तर वर्षं पडून असलेली मोटारसायकल पहिल्या किकला सुरू होऊ द्या, कारण मागे बसून कंबर धरायची आहे. अणुयुद्ध घेतलं असेल तर सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं असतं, तेव्हा त्या निळ्याशार तळ्यातली आंघोळ जरा विचार करून लिहा. किंवा नका करू विचार. आजवर कुणी केलेला नाही. टूथपेस्टचा विषयही काढायचा नाही. महिनाभर खारीच्या मांसावर जगलेल्या माणसांनी एकमेकांच्या इतक्या जवळ येणं हे त्या जगातलं खरं शौर्य आहे, पण त्याला पदक नसतं.

मग गुहा. एका मुलाला जखमी करून आत ठेवा. जखम मांडीला किंवा खांद्याला. चेहरा हा लेखकाचा राखीव साठा आहे, त्याला ओरखडा चालेल, टाके नाहीत. पाऊस लावा, अंथरूण एकच ठेवा.

या गुहेपाशी एक धोका आहे. ‘हंगर गेम्स’मधल्या मूळ गुहेत कॅमेरे होते. कॅटनिस पीटाचं चुंबन घेते आणि वरून पॅराशूटला बांधून रश्श्याचं भांडं येतं; एका चुंबनाला एक भांडं हा हिशेब तिला ताबडतोब कळतो. म्हणजे ते प्रेम प्रेक्षकांसाठी चाललेलं नाटक आहे, पोटासाठी केलेलं, आणि त्यातलं खरं किती हे तिलाही सांगता येत नाही. लेखिका सुझान कॉलिन्स प्रेक्षकांचीच टिंगल करत होत्या. प्रेक्षकांनी ती टिंगल बाजूला सारली आणि ‘टीम पीटा’, ‘टीम गेल’ असे तट पाडले. तुम्ही चुंबन ठेवा आणि कॅमेरे काढून टाका. पुढच्या बहुतेकांनी तेच केलंय.

कॅमेरे नकोच असतील तर सरकारलाच मध्यस्थ करा. ‘मॅच्ड’मध्ये (२०१०) राजवट जोडीदार ठरवून देते आणि पडद्यावर चुकून दुसऱ्याच मुलाचा चेहरा झळकतो. हे काम आपल्याकडे मावशा करतात आणि चेहरा चुकत नाही, पगार चुकतो. ‘द सिलेक्शन’मध्ये (२०१२) एका राजपुत्रासाठी ३५ मुली महालात आणल्या जातात आणि नायिकेचा आधीचा प्रियकर तिथेच पहारेकरी म्हणून रुजू होतो. एवढ्या मोठ्या देशात त्याची नेमणूक नेमकी तिच्याच दाराशी होते. योगायोगाला घाबरू नका; लोकसंख्या घटल्यावर योगायोग वाढणारच.

मधला भाग कठीण. तिथे पहिल्याला मारा, पण प्रेत दाखवू नका. ‘डिलिरियम’ मालिकेचं वेळापत्रक पाठ करून ठेवावं असं आहे: पहिल्या पुस्तकाच्या शेवटी ॲलेक्स गेला असं समजायचं, दुसऱ्यात ज्युलियनवर जीव जडवायचा आणि दुसऱ्याच्याच शेवटी ॲलेक्सला दारात उभा करायचा. लगेच तिसऱ्या पुस्तकाची मागणी नोंदवली जाते. दुसरा मुलगा पहिल्याच पुस्तकात दोनशे पानं उलटल्यावर आणलात तर फसाल; तोवर वाचकानं मनात अक्षता टाकलेल्या असतात.

शेवटी निवड कशी करायची? नायिकेला करू द्यायची नाही. ‘मला हा आवडतो, तो नाही’ हे वाक्य तिनं उच्चारलं की निम्मे वाचक तिला स्वार्थी ठरवतात आणि उरलेले निम्मे तुम्हाला. तेव्हा हे काम घटनांवर सोपवा. ‘हंगर गेम्स’मध्ये ते एका बॉम्बनं केलं. आधी मदतीला धावणारे जमू द्यायचे आणि मग दुसऱ्यांदा फुटायचं, ही युक्ती गेलनं शोधलेल्या सापळ्यांतली. तसाच बॉम्ब फुटून कॅटनिसची बहीण गेली. तो त्याचाच होता का, हे दोघांनाही कधी कळलं नाही. एवढं पुरेसं आहे. मुलगा बाद, आणि नायिकेला नकार द्यावा लागला नाही. पुढे डिस्ट्रिक्ट दोनमध्ये त्याला चांगली नोकरी लागली. बाद मुलाला नेहमी दूरच्या गावी नोकरी द्या. मारलात तर वाचक रडतात, आणि गावातच ठेवलात तर उपसंहारात तो भाजी आणताना भेटतो.

सिनेमा निघाला तर शेवटच्या पुस्तकाचे दोन तुकडे होतील याची तयारी ठेवा. ‘हंगर गेम्स’चे झाले, २०१४ आणि २०१५ मध्ये, आणि लोक दोन्ही वेळा गेले. ‘डायव्हर्जंट’चेही करायचे ठरलं होतं. पहिला तुकडा २०१६ मध्ये आला, आपटला, आणि दुसरा निघालाच नाही. तिथे दुसरा मुलगा नव्हता.